डॉक्टरांच्या गाडीचं क्रोम

मार्च ते मे असे तीन महिने माझ्या हाताला डिझेलचा वास होता. साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं, वास काही हटेना. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा विचारलंच, पंपावर नोकरी धरली का म्हणून. मी म्हटलं, धरली की, रिटायर झाल्यावरची सोय बघायला नको? त्या हसल्या. मला हसायचंही त्राण नव्हतं. चौपन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, मी सोलापूरच्या उन्हात स्कूटीवर पायापाशी पोतं ठेवून एका जुनाट गाडीच्या इंजिनाचे भाग हिंडवत होते. ते भाग चमकवून देणारा माणूस मला हवा होता. तोही परवडेल अशा भावात.

गाडी बाबांची. म्हणजे कागदावर बाबांची. बाबा एका डॉक्टरांकडे बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टर नावाजलेले, माणूस म्हणून वाईट नव्हते. बाबांचा चहाचा कप गॅरेजच्या कोनाड्यात वेगळा असायचा, पण चहा ताजा, भरपूर दुधाचा, कधी उरलासुरला दिला नाही, असं बाबा कौतुकानं सांगायचे. लहानपणी मलाही ते कौतुकाचंच वाटायचं. पुढं शिकले तेव्हा राग यायला लागला. आता रागही दमलाय.

डॉक्टर गेले, त्यांची एकुलती एक मुलगी परदेशी होती. डॉक्टरांच्या बाईंनी बाबांना बोलावलं, म्हणाल्या, ही आता कोण चालवणार, तुम्हीच घेऊन जा. कागद रीतसर बाबांच्या नावावर करून दिले. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती काळी, गोल पाठीची गाडी विहारामागच्या आमच्या घराच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे. अंगण तिचं, आणि आम्ही कडेकडेनं जायचं. आई होती तोवर म्हणायची, डॉक्टरांनी मला सवत दिली. आई गेली, पुढं माझा नवराही गेला, भाऊ पुण्याला. मी बाबांजवळ येऊन राहिले तर सवत आपली जागच्या जागी. आणि वीस वर्षांत बाबांच्या तोंडून एकदाही ‘माझी गाडी’ आलं नाही. विचारलं कुणी की उत्तर ठरलेलं, डॉक्टरांची गाडी हाय.

फेब्रुवारी संपता संपता डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. बंगल्याचा व्यवहार करायला ती मेमध्ये सोलापूरला येणार होती. तिनं विचारलं, काका, गाडी अजून आहे का, मला एकदा बघायचीय. फोनवर बोलताना बाबा उठून उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, हातात काठी नाही. फोन ठेवला तरी उभेच.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि बॉनेट उघडून दाखवलं. डॉक्टरांना हौस फार. आलेल्या पाहुण्यांना ते इंजिन दाखवायचे आणि त्यासाठी इंजिनाच्या वरच्या वरच्या भागांना त्यांनी मुंबईहून क्रोम चढवून आणलं होतं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट झाकण. हवेच्या फिल्टरचं डब्यासारखं गोल भांडं. तेल भरायचं टोपण, पाण्याचा वाकडा पाइप, असेच आणखी तीन लहान भाग, आणि दहा-बारा पट्ट्या नि नट. त्या सगळ्यावर आता गंज होता. जिथं क्रोम उरलं होतं तिथं त्याचे पापुद्रे उचलले होते. बाहेरून गाडी बाबांनी रोज पुसून लख्ख ठेवली होती, पण बॉनेटखाली पुसून भागण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“डॉक्टरांनी दिली तवा हे आरशावानी हुतं,” बाबा म्हणाले. “ताई येतील, आत बगतील. काय म्हणतील? ड्रायव्हरनं गाडी खाल्ली म्हणतील.”

असं कुणी म्हणणार नाही, हे मी त्यांना चार प्रकारे सांगून पाहिलं. पण बत्तीस वर्षांत त्यांच्याकडं कुणी कधी पेट्रोलचा खुलासा मागितला नव्हता. आयुष्यात मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि तिलाच आता डाग लागणार असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दोन दिवस जेवण अर्धं टाकून उठले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बरं, बघते. तिथंच फसले.

पहिल्यांदा सात रस्त्याला गेले. तिथं गाड्या सजवायच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदारानं टॅपेट कव्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि चमकणारा चिकट कागद दाखवला. हे चिकटवा, कुणाला कळतंय. इंजिन तापल्यावर काय होईल विचारलं तर म्हणाला, गाडी चालवणार आहात का? खरं क्रोम हवं तर पुण्याला पाठवावं लागेल. त्यानं जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी गाडी दारात आली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुण्याच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, अगं, ऑनलाइन बघ ना. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत.

मग एक शनिवार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत घातला. दोन ठिकाणी प्लेटिंग, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं काम, चालतं असं कळलं होतं. एका ठिकाणी नळ, दुसऱ्या ठिकाणी कपाटांच्या मुठी. आम्ही हजारानं माल घेतो बाई, तुमच्या पंधरा-वीस वस्तूंसाठी टाकी कोण लावणार? आणि जुनं क्रोम उतरवा, गंज काढा, खड्डे भरा, एवढी उस्तवार कोण करणार? गेटवरच्या वॉचमननं मला पाणी दिलं, तेवढीच त्या दिवसाची कमाई. घरी आले तर बाबा दारातच उभे. झालं का? मी पोतं तिथंच आपटलं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, यातलं मी कोण ते तुम्हीच ठरवा, म्हटलं. बाबांनी पोतं उचललं, आतल्या वस्तू एकेक काढून पुसल्या, परत भरल्या. मला पाणी विचारलं नाही.

पत्ता शेवटी लागला तो लग्नाच्या बँडमुळं. गल्लीतल्या एका लग्नात वाजवणाऱ्यांची वाद्यं अशी झळकत होती की मी जेवणाचं ताट हातात घेऊन त्यातल्या एकाला विचारायला गेले, ही चमकवून कुठं घेता? त्यानं पूर्व भागातल्या एका गल्लीचं नाव सांगितलं.

तिथं यंत्रमागांच्या खडखडाटात एका पत्र्याच्या शेडमध्ये रसायनांच्या पाच टाक्या होत्या आणि टाक्यांच्या मध्ये एक काळासावळा, बारीक माणूस. घरचे माग विकून त्यानं हा धंदा घातला होता. बायकोशी तेलुगूत बोलायचा, माझ्याशी मराठीत, आणि पहिल्या वाक्यापासून मला अक्का म्हणायला लागला. त्यानं माझं पोतं फरशीवर ओतलं, दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक घेतलं आणि एकेका वस्तूला लावून बघितलं. बघता बघता तीन ढीग केले. चिकटलं ते लोखंड, त्यातल्या वर दिसणाऱ्या पाच वस्तूंना क्रोम. पट्ट्या नि नटांना नुसतं पांढरं जस्त, त्याला पैसे थोडे लागतात आणि लांबून कुणाला फरक कळत नाही. चुंबकाला न चिकटलेल्या दोन वस्तू ॲल्युमिनियमच्या निघाल्या. त्यांना हात लावायचा नाही, म्हणाला, माझ्या टाकीत त्या नासतील. नुसतं पॉलिश करा. मी इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचं विचारलं. तर हात झटकले, तो तापून निळा पडतो आणि मग सोलतो, त्यावर पैसे घालायचे नाहीत.

तीन आठवड्यांत मला भेटलेला हा पहिला माणूस, जो खर्च कमी करायचं बोलत होता. मला तिथंच बसावंसं वाटलं. बसलेही, एका उपड्या बादलीवर.

त्यानं मला समजावलं की क्रोम म्हणजे वरची साय. खरं दूध म्हणजे त्याच्याखालचं निकल. आणि लोक समजतात चमक टाकीतून येते, तसं नसतं. चमक घासण्यातून येते. खाली एवढासा ओरखडा राहिला तर क्रोम तो लपवत नाही, उलट दाखवतं. सगळा पैसा त्या घासण्याचा. ते काम घरी केलंत तर मी निम्म्याहून कमी घेईन. आणि एप्रिलच्या तोंडावर दुधनीच्या एका बँडवाल्याची वाद्यं येणार आहेत, त्यांच्यासाठी टाकी लागेलच, त्यात तुमचं सामान सोडतो.

झालं. पुढचे पंधरा दिवस ऑफिसातून आले की अंगणात पोतं अंथरायचं आणि बापलेकीनं घासत बसायचं. जुनं क्रोम त्यानं तेजाबात उतरवून दिलं होतं, खालचा गंज आमच्या वाट्याला. डिझेलमध्ये बुडवून पहिला जाडा घासपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, असे पाच. पहिला पेपर उभा घासला तर दुसरा आडवा घासायचा, आधीच्या रेघा जाईपर्यंत. माझ्या बोटांची टोकं अशी सोलली की भाकरी थापताना पीठ झोंबायचं. बाबांचा हात थरथरतो, पण झाकण मांडीवर घेतलं की थरथर कुठं जायची कुणास ठाऊक.

घासता घासता मला नको ते आठवत राहायचं. माझ्या हळदीच्या दिवशी डॉक्टरांना मंगळवेढ्याला पेशंट बघायला जायचं होतं. बाबा घेऊन गेले. परत आले तेव्हा माझी हळद अंगावर वाळून झडायला लागली होती. दहावीच्या निकालाला मी शाळेतून धावत गॅरेजकडं गेले होते, तर बाबा गाडीखाली. तिथूनच म्हणाले, चांगलं झालं, तेवढं फडकं दे. मी कधी बोलले नाही. आता घासत बसल्यावर एकदा बोलून टाकलं, की या गाडीला जेवढं जपलंत त्याच्या चार आणे मला जपलं असतं तरी चाललं असतं. बाबा घासायचे थांबले नाहीत. घासता घासताच म्हणाले, गाडी चुकली असती तर नोकरी गेली असती, तू कुटं जाणार हुतीस. मला बरं वाटलं नाही आणि वाईट म्हणावं तर तसंही नाही. मी पेपर बदलला.

घासून झालं तसं मी सगळं सोड्याच्या कढत पाण्यानं धुतलं, कोऱ्या फडक्यानं पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बाबांना बजावलं की आता हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ते शेडवर टाकलं. आठवड्यानं आणलं. काय सांगू, डोळे दिपले. बाबांनी टॅपेट कव्हर उशाला ठेवून दुपारची झोप काढली. माझे सगळे कष्ट मी त्या वेळी माफ करून टाकले होते.

दहा दिवसांत फुगे आले. आधी फिल्टरच्या भांड्याच्या काठाला, मग झाकणाच्या दुमडीला. नखानं टोचलं तर पापडासारखा पापुद्रा निघाला. सगळं मुसळ केरात. मी ते घेऊन तणतणत शेडवर गेले, तोंडात शिव्या तयार. त्या माणसानं दुमडीत काडी घातली, फिरवली, नाकाशी नेली आणि मला दिली. तेल होतं. तुम्ही सोड्यानं धुतलंय म्हणालात अक्का, म्हणून मी तेल काढायच्या गरम टाकीत थोडाच वेळ ठेवलं, म्हणाला. तेलावर निकल बसत नाही.

घरी येऊन बाबांना विचारलं. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मी आंघोळीला गेले असताना त्यांनी सगळे कागद सोडले होते, एकेक वस्तू तेलाच्या फडक्यानं पुसली होती, दुमडीतसुद्धा बोटानं तेल भरलं होतं आणि पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं होतं.

“कोरडं लोखंड कुणी घराभाईर पाठवतंय व्हय?” बाबा म्हणाले.

बत्तीस वर्षांची सवय. इंजिनाचा सुटा भाग हातात आला की तेलाचं फडकं फिरवायचं आणि मगच खाली ठेवायचा. त्यात त्यांची चूक तरी काय म्हणावी. तरी मी बोलायचं ते बोलले. अद्वातद्वा बोलले. शेजारची माणसं बाहेर आली. मला दम लागल्यावर बाबा म्हणाले, ताई यायला अजून वीस दिवस हायेत की.

परत पोतं, परत स्कूटी. पुन्हा तेजाबात उतरवलं, पुन्हा घासलं, आणि यावेळी धुतल्या धुतल्या ओलं असतानाच बादलीत घालून शेडवर नेलं, बाबांच्या हाताला लागू न देता. एका सलूनच्या खुर्च्यांचे पाय आले होते, त्यांच्याबरोबर टाकीत गेलं. दुसऱ्या खेपेचे त्यानं तेजाबाचे आणि पॉलिशच्या चाकाचे तेवढे पैसे घेतले, क्रोमचे घेतले नाहीत. मी जास्त देऊ केले तर नको म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात नीट बघितले. बोटांच्या पेरांवर लहान लहान गोल खड्डे, जुने, भरून आलेले, काही ओले. क्रोमचे, म्हणाला, नाकातही आहेत. हातमोजे घातले की वस्तू निसटते. एवढ्या स्वस्तात काम कसं होतं ते मला कळलं आणि तरी त्यानं सांगितले तेवढेच पैसे देऊन मी आले. हे लिहिताना बरं वाटत नाही.

ताई यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गल्लीतल्या मेकॅनिकनं सगळं बसवलं. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक नट त्याच्या हातात देत होते. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. बाबांनी बॉनेट उघडंच ठेवलं आणि कितीतरी वेळ समोर बसून राहिले. काळ्या इंजिनावर ते पाच भाग असे लखलखत होते की गल्लीतली माणसं येऊन बघून गेली. आता यिऊ दे, बाबा म्हणाले. तीन महिन्यांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून मीच जास्त खूश होते. माझं सगळं अंग दुखत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला ताई आल्या. भाड्याची मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आल्या. माझ्याच वयाच्या, केस कापलेले, साधा ड्रेस. बाबांच्या पाया पडायला वाकल्या तर बाबा दोन पावलं मागं सरकले. मला वाटलं होतं तशा त्या नव्हत्या, चांगल्या होत्या. गाडी बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या सीटवर जाऊन बसल्या, सीटवरून हात फिरवला, म्हणाल्या, मी इथं झोपायचे शाळेतून येताना, काका, आठवतं? बाबा म्हणाले, व्हय ताई. त्यांनी फोन लावून परदेशातल्या आपल्या मुलाला गाडी दाखवली. स्टिअरिंग दाखवलं, दारं दाखवली, हॉर्न वाजवला. किती छान ठेवलीय काकांनी, असं त्याला इंग्रजीत सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी.

बाबा गाडीच्या तोंडाशी उभे होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, खांद्यावर घडी केलेलं नवं फडकं. सकाळीच त्यांनी आतला खटका ओढून ठेवला होता, त्यामुळं बॉनेट दोन बोटं वर आलं होतं. फक्त हात घालून उचलायचं बाकी. त्यांचा हात त्या फटीपाशीच होता. पण ते उचलत नव्हते. मला आधी कळेना, काय चाललंय यांचं. मग लक्षात आलं, ते वाट बघतायत. डॉक्टर पाहुण्यांना घेऊन पोर्चमध्ये यायचे आणि म्हणायचे, हं, दाखवा. मग ड्रायव्हरनं बॉनेट उघडायचं. मालकानं म्हटल्याशिवाय आपण होऊन उघडलं तर ते मिरवणं झालं. ड्रायव्हरनं मिरवायचं नसतं.

ताई बोलत बोलत पुढं आल्या. त्यांचं लक्ष त्या फटीकडं गेलं. बाबांनी मान खाली घातली आणि हात पुढं केला.

“अय्या, काका, हे नीट लागलं नाहीये,” असं म्हणत ताईंनी दोन्ही तळवे ठेवून बॉनेट खाली दाबलं. खट्ट आवाज झाला.

“व्हय ताई,” बाबा म्हणाले.

त्यानंतर त्या दहा मिनिटं होत्या. चहा अर्धा घेतला, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मला चॉकलेटचा डबा दिला. बंगल्याच्या कागदांसाठी बाराला वकिलाकडं पोचायचं होतं. जाताना परत एकदा गाडीवर हात ठेवला. बाबा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले, त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून, आणि भाड्याच्या गाडीचं दार त्यांनीच उघडून धरलं.

ते परत आले तेव्हा मी अंगणातच होते. मला राहवलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, म्हटलं. तीन महिने माझं रक्त आटवलं, बोटं सोलून घेतली, आणि उघडायच्या वेळी हात का आखडला? गाडी तुमची आहे, कागद तुमच्या नावावर आहेत, त्या वकिलाला विचारा वाटलं तर. स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायला तुम्हाला कुणाचा हुकूम लागतो? माझा आवाज चढत गेला आणि मग रडूच आलं, रागाचं.

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि बॉनेटवर ताईंचे तळवे उमटले होते तिथं फिरवलं. माझ्याकडं न बघता म्हणाले,

“तू तरी म्हणायचं हुतंस की. दाखवा म्हणून.”

मी तिथंच होते. चार पावलांवर. बाबांचा हात कुठं आहे ते मला दिसत होतं, ते कशासाठी थांबलेत तेही मला कळलं होतं. ताई, बाबांनी इंजिन बघण्यासारखं केलंय, बघा की, एवढं म्हणायला काय लागत होतं? ऑफिसात मी साहेबाच्या टेबलावर फाइल आपटून बोलते, माझ्या नावानं शिपाई दचकतात. आणि इथं माझ्याच अंगणात मी ट्रे धरून उभी होते, त्या बाई विचारतील, मग आपण बोलू, असं म्हणत. बाबांना वाट बघायला कुणीतरी शिकवलं होतं. मला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

बाबा गाडीवर ताडपत्री ओढायला लागले. मी ट्रे खाली ठेवला आणि दुसरं टोक धरलं.